विहिरीच्या बारीतली गाडी

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानं बसवलेला आरसा काढत होतो. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसरा हात फोनसकट कानाला, आणि पलीकडून त्याचा मुलगा सांगतोय, "काका, पप्पा गेले... गोठ्यातच." अशा वेळी माणसाच्या मनात काय यायला हवं ते मला चांगलं ठाऊक आहे, इतरांच्या शोकसभांत मी ते गळा दाटून बोलूनही दाखवलेलं आहे. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा माझ्या बारीत गेला. मुद्दाम गेला. आता सुतक, म्हणजे माझा आठवडा बुडाला. अर्धा निघालेला आरसा लोंबकळत सोडून मी धावलो, आणि धावतानाही त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

विलास माझा सख्खा चुलतभाऊ. वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. त्याच्या म्हशी होत्या, आणि पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान. मी बँकेत खुर्ची झिजवून पन्नाशी ओलांडलेला. कसबा बावड्यात आमची घरं शेजारी, शेतं शेजारी आणि विहीर एकच. तिच्या पाण्याची बारी आजोबांनी ठरवून दिलेली: एक आठवडा त्यांचा, एक आमचा. सोमवारी सूर्य उगवला की बारी बदलणार. दुसऱ्याच्या बारीत मोटारीच्या खटक्याला हात लावायचा नाही, मग आपला ऊस उभा वाळला तरी चालेल. हा नियम आम्ही दोघांनी जन्मभर पाळला. इतर बाबतीत आम्ही एकमेकांचं काहीही पाळलं नाही.

आमचं गुऱ्हाळ चालू होतं तेव्हा गुळाचे एक व्यापारी शेट स्वतःच्या गाडीतून यायचे. राखाडी रंगाची, गोल पाठीची, पुढे चकचकीत जाळी असलेली गाडी. शेट गूळ चाखायला आत गेले, की ड्रायव्हर कुणातरी एका पोराला हॉर्न वाजवू द्यायचा. ते पोर दर वेळी विलास. मी रांगेत उभा असायचो. रांगेत मी एकटाच असायचो, तरी माझा नंबर लागला नाही.

पुढं गुऱ्हाळ बंद पडलं, शेट गेले, गाडीचं नावही निघेना. आणि काही वर्षांपूर्वी मला कळलं, की ती गगनबावड्याला शेटच्या बंद बंगल्यामागे पत्र्याखाली पडून आहे. मी कुणाला काही न सांगता रजा टाकून गेलो. तिथं विलास आधीच हजर. तिथल्या पावसानं गाडीची पार भाजी केली होती. चाकं मातीत रुतलेली, टपावर शेवाळ, मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण. विलासनं बॉनेटवर हात ठेवला होता, मी दार धरलं. शेटचा मुलगा आमची जुंपलेली बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पावणं, दोघं मिळून घ्या की. न्हायतर मी भंगारवाल्याला बोलावतो."

दोघांनी मिळून घेतली. गुऱ्हाळाच्या रिकाम्या शेडमध्ये आणून उभी केली. आणि तिथं आम्ही ती चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या घरात होणं शक्य नाही. विलास म्हणाला, "भांडान नगं बारक्या. विहिरीगत बारी लावू." मला हे शहाणपणाचं वाटलं, यावरून माझी अक्कल समजून घ्या.

पाण्याचं एक बरं असतं. त्यानं उपसलेलं मी परत विहिरीत ओतू शकत नव्हतो. गाडीचं तसं नव्हतं. मला ती होती तशीच हवी होती, राखाडी, जुन्या जाळीची. गाडीतलं मला कळत काहीच नव्हतं, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून मी जाणकार झालो होतो. विलासला ती शेंदरी हवी होती. जगातलं कुठलंही यंत्र म्हणजे शेवटी पाण्याची मोटार, अशी त्याची श्रद्धा. त्याच्या आठवड्यात तो रेडिएटरला विहिरीवरचा पाइप जोडायचा. माझ्या आठवड्यात मी तो काढायचो. मी दार घासून राखाडी करायचो. पुढच्या सोमवारी ते शेंदरी. त्यानं ट्रॅक्टरचा भलामोठा आरसा आणून दाराला ठोकला. मी काढला. त्यानं बसवला. हे वर्षानुवर्षं चाललं. खंडेनवमीला गाडीला दोन हार पडायचे, एक माझा, एक त्याचा, आणि दोन्ही घरची माणसं उभ्या गाडीला ओवाळून घरी जायची. माझी बायको म्हणायची, "देवाला तरी कळतंय का, ही गाडी हाय का मूर्ती?"

एकदा ती चालू झाली. त्याचा आठवडा संपून माझा सुरू व्हायचा सोमवार होता. थंडीचे दिवस, उसाच्या फडावर हे दाट धुकं. ताबा घ्यायला मी लवकरच गेलो, तर हा अजून बॉनेटमध्ये डोकं घालून. "बस आत, मार किल्ली," म्हणाला. मारली. गाडी खोकली, थरथरली आणि खरोखरच धडधडायला लागली... शेडमधली कबुतरं उडाली. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी हात हॉर्नकडे नेला. तेवढ्यात विलासनं खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. माझ्या आधी. परत.

मी ओरडलो, "बारी माझी आहे!"

"सूर्य कुठं उगावलाय?" तो धुक्याकडं हात करून म्हणाला. "दाव की मला सूर्य!"

"घड्याळ बघ!"

"आज्ज्यानं घड्याळाचं सांगितलं न्हवतं."

आमचं ते भांडण पंचगंगेपर्यंत ऐकू गेलं असेल. आवाज दमल्यावर लक्षात आलं, की इंजिन केव्हाच बंद पडलंय. पुन्हा ते कधी चालू झालं नाही. कुणाच्या बारीत चालू झालं होतं हेही ठरलं नाही. मग आम्ही बोलणं टाकलं. त्यानं काय केलंय ते मला गाडीवरून कळायचं, मी काय केलंय ते त्याला.

त्याच्या तेराव्याला लोक मला म्हणत होते, "झालं गेलं सोडा आता." का सोडू? त्यानं एक तरी गोष्ट सोडली का? त्याच्या फोटोसमोर मी हात जोडले आणि त्या फोटोतही तो बॉनेटला टेकून उभा, मागं माझं राखाडी दार निम्मं शेंदरी झालेलं. त्याचा मुलगा पुण्यात असतो, समजूतदार आहे. म्हणाला, "काका, गाडी आता तुम्हीच ठेवा. बारीबिरी कशाला?"

आतून मालनवहिनींचा, विलासच्या बायकोचा, आवाज आला, "तू गप. विचारलंय का तुला कुणी?"

मला वाटलं, दुःखात बोलल्या. गाडी माझी झाली असं मी धरून चाललो. तरी मध्ये त्याचा आठवडा आला तेव्हा मी शेडकडे फिरकलो नाही. का, ते विचारू नका, सवय. माझा सोमवार उजाडला तसा पान्हे घेऊन गेलो. आता कुणाची आडकाठी नाही, महिनाभरात रस्त्यावर काढतो, असं मनाशी म्हणत शेडचं दार लोटलं.

आरसा जागेवर होता. मी अर्धा काढून सोडलेला तो ट्रॅक्टरचा आरसा, सरळ उभा, पुसून लख्ख केलेला. रेडिएटरला विहिरीवरचा पाइप जोडलेला, तारेनं करकचून. मागं वळलो तर वहिनी शेणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात.

"वहिनी, हे तुम्ही...?"

"मग कोण?" त्या म्हणाल्या. "बारी आमची हुती." आणि उकिरड्याकडे चालू लागल्या.

मी खाली बसलो. स्क्रू इतके आवळलेले, की विलासनंसुद्धा कधी इतके आवळले नव्हते. हात भरून आला, पण आरसा काढला. सीटवर फडकं अंथरून त्यावर ठेवला. घरून वाटी आणली, सगळे स्क्रू तिच्यात घातले आणि वाटी आरशाजवळ ठेवली, पुढच्या सोमवारी शोधायला लागू नयेत म्हणून.