भावाच्या जहाजाचा निवाडा

माझा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी आहे. ज्या समुद्रावर दोन देश हक्क सांगत होते, तिथे एका देशाने त्याचं जहाज अडवलं. त्या देशांत जुना करार होता: भांडण झालं तर लढायचं नाही, तीन लवाद नेमायचे आणि त्यांचा निवाडा मुकाट मानायचा. लवाद नेमले गेले. पहिला हुकूम आला, की निकाल लागेपर्यंत जहाज तिथेच राहील आणि ते सांभाळण्यापुरती माणसंही. सहा जण ठेवले. रांधणारा हवाच.

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलीशी त्याचा साखरपुडा झाला होता. ती कारखान्याच्या बसने तुयेला कामाला जायची. वर्ष गेलं, दुसरं लागलं. तिचे वडील पेडण्याला आमच्या घरी आले ते तापूनच.

"बाये, दोन देशांच्या झगड्यान माजी पोर कित्याक सुकवची?"

मला रडारड जमत नाही. मीच सुचवलं, आपणही लवाद नेमू. साखळीचे एक निवृत्त मास्तर दोन्ही घरांना चालणारे होते. कागद मी लिहिला: शिरगावच्या जत्रेपर्यंत थांबायचं, तोवर तो आला नाही तर मास्तर सांगतील ते अंतिम, पुन्हा उकरायचं नाही. तिकडून तिच्या वडिलांनी सही केली. आमच्या आईला सही येत नाही, म्हणून इकडून मी केली. निकाल जत्रेआधी लागेल असं जहाज कंपनीचा माणूस म्हणाला होता. तोवर तिच्या वडिलांचं तोंड बंद राहिलं असतं.

जत्रा झाली. निकाल आला नाही. आम्ही मास्तरांसोबत मुलीकडच्या ओसरीवर बसलो. मुलगी चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच म्हणाली, "मी थांबतां. माका घाई ना."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू पक्षकार न्हय, बाय. च्या दवर आनी भितर वच."

ती गेली. मी कप उचलला. नियम माझाच होता. चहा निवण्याआधी मास्तरांनी साखरपुडा मोडला.

भावाला आठवड्यातून एकदा फोन करू देत. त्या फोनवरच मी त्याला सांगितलं.

"माका इचारलंस, ताई?"

"त्या दोन देशांनी इचारलं तुका?"

त्याने फोन ठेवला.

एकोणीस दिवसांनी लवादांचा निकाल आला: जहाज सोडा. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा हसत हात मिळवतानाचा फोटो पेपरात आला. खाली शहाणपणाचं कौतुक होतं.

भाऊ मोपाच्या विमानतळावर उतरला आणि बॅगेसकट मला घेऊन थेट मास्तरांकडे गेला. तोवर मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं. मास्तरांनी कागद पुढे सरकवला. "अंतिम म्हणजे अंतिम रे बाबा. वाच."

त्याने उभ्यानेच वाचला. "हातूंत माजी सही खंय?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

महिन्याभरात त्याने दुसरं जहाज धरलं. कंपनीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. आजवर ती मीच करत आले. या खेपेला त्याने आईचा हात धरला, शाईच्या पॅडवर तिचा अंगठा दाबला आणि फॉर्मवर उमटवला. मी पेन उघडून शेजारीच उभी होते.