पत्रकातून गाळलेली मामाची ओळ

अन्याय माझ्या मामावर झाला. सातपूरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं लेथ चालवलेल्या प्रकाशमामावर. केव्हा, तेही सांगते. घशाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशनचा शेवटचा शेक संपला त्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजता. हॉस्पिटलच्या खिडकीतून हातात फाइल दिली आणि "आता तुम्ही मोकळे" म्हणून त्याला घरी पाठवलं, तेव्हा. दुसऱ्यांदा झाला दीड वर्षाने, आणि तो मी केला.

मशीनला मी दोष देणार नाही. जाळीचा मास्क आवळून, मान जराही हलू न देता, मिलिमीटर मोजून मारा करणारं मशीन ते. गाठ गेली आणि परत आली नाही. मामाला त्या नेमकेपणाचं भारी कौतुक. "आपल्यापेक्षा बारीक काम करतं गं," म्हणायचा. पण नेम कितीही धरला तरी शेजारच्या स्नायूंना झळ बसतेच, आणि ते पुढे महिनोन्महिने आखडत जातात... हे त्याला कोणी समोर बसवून सांगितलं नाही. गिळण्याचे व्यायाम होते. फाइलमध्ये, शेवटच्या पानावर, इंग्रजीत. मी एम.ए. झालेली भाची, पण ते पान मीही उलटलं नाही.

आमच्या कॉलनीत बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानाला मामा कायम वाढायला. आजारातून उठल्यावर तर त्याने बादली सोडलीच नाही. साखरपुडा असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, मामा पंगतीत वाकलेला. "बस की आता," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं असतं." सगळे खूश. बघा, कॅन्सरला हरवून माणूस पंगती उठवतोय! वाढणारा जेवला का, हे कोण बघतं? घरी गेल्यावर तो मामीने पातळ केलेलं वरण चमच्याचमच्याने, ठसकत, तासभर पीत बसायचा. कोणाला सांगायचं नाही, अशी मामीला शपथ घातलेली; मला हे तो गेल्यावर कळलं.

मग मी तंबाखूविरोधी पत्रक काढलं. वर मामाचा फोटो, खाली 'जिंकलेला माणूस'. मजकूर त्याला वाचून दाखवला.

"पुढारीणबाई, एक ओळ टाक," मामा म्हणाला. "घास उतरत नाही म्हणावं. पाणीसुद्धा भलत्या वाटेला जातं."

"मामा, लोक घाबरतील. उपचारच घेणार नाहीत."

"बरं बाई. मग फोटो तरी जेवतानाचा टाकू नको, म्हणजे झालं."

मी हसले. मला वाटलं, असेल थोडाफार त्रास. ओळ गाळली आणि पत्रकं ओझर-दिंडोरीपर्यंत वाटून आले.

पाच आठवड्यांपूर्वी मामीचा फोन आला. मी पोचले तेव्हा मामा गेला होता. न्यूमोनिया. अन्नाचे कण श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरत राहिले होते. "गिळायला त्रास आहे, हे आधी कोणाला बोलले नाहीत का?" डॉक्टरांनी विचारलं. बोलला होता, डॉक्टर. मला बोलला होता...

लोक घाबरतील म्हणून खरं लपवायचं, हे मी पुन्हा करणार नाही. शेक घ्याच, त्याने माणसं वाचतात. पण वाचलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडू नका. तुमच्या घरात तोंडाचा, घशाचा शेक घेऊन 'बरं झालेलं' कोणी असेल, तर आज त्याच्या समोर बसून जेवा. कशाने ठसका लागतो, ताटात काय उरतं, ते डोळ्यांनी बघा. मग त्याला घेऊन हॉस्पिटलात जा आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणारं माणूस समोर येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.