प्लगला करंट नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मारुलाक सियाहान मिस्त्री प्लग खोलत होता, आणि त्याच्यापासून चार हातांवर जोंगीला मारत होते.

गाडी साबाम मानुरुंगची. इंग्रजांच्या फौजेने महायुद्धानंतर मागे टाकलेली मोटारसायकल, बाजूला दोन माणसांचा बाक जोडलेला. सुमात्रातल्या सियांतारमध्ये अशा गाड्या अजून बाजारकरणींना आणि त्यांच्या टोपल्यांना ओढतात. त्यांना बॅटरी नसते. इंजिनाबरोबर मॅग्नेटो फिरतो आणि तोच प्लगला करंट देतो. अस्सल मॅग्नेटो आता बनत नाही. जावामधले शौकीन त्यासाठी माणसं पाठवतात, म्हणून सियांतारमध्ये गाडी चोरीला जात नाही, मॅग्नेटो जातो आणि त्याच्या जागी भंगारातला बसवलेला सापडतो.

साबामच्या सहा गाड्या त्याच्याच आवारात उभ्या असतात. जोंगी त्यातली एक चालवतो आणि रात्री त्यांच्यापाशीच झोपतो. आज सोमवारी ती गाडी किक मारून मारून सुरू झाली नाही, तेव्हा साबामला आणखी पुरावा नको होता.

"रात्रभर इथे कोण होतं? तूच ना? मग मॅग्नेटो काय पाय फुटून गेला?"

"दादा, मी हात लावलेला नाही."

साबामच्या थोरल्या भावाने जोंगीच्या पोटात गुडघा घातला. धाकट्याने त्याचे केस धरून तोंड वर केलं. एक भुवई फुटली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं.

मारुलाकने मान वळवली नाही. वडिलांच्या हाताखाली त्याने हे काम सुरू केलं, त्याला चाळीस वर्षं झाली. करंट किती जोराचा आहे हे तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी वायर धरून सांगतो. त्या बोटांना आता फारसं काही कळत नाही. चुलीवरचं भांडं नवरा फडक्याशिवाय उतरवतो, असं त्याची बायको पाहुण्यांना सांगते.

"चोरबटण बघितलंस?" त्याने साबामला विचारलं. प्रत्येक मालक मॅग्नेटोपासून एक वायर लपवून नेतो आणि तिला बटण लावतो. बटण दाबलं की करंट गाडीच्या अंगात उतरतो आणि इंजिन मरतं. जागा फक्त मालकाला आणि मिस्त्रीला माहीत असते.

"बघितलं. बटण सुटंच आहे. तेवढी अक्कल आहे मला. तू प्लग बघ."

मारुलाकने प्लग इंजिनाच्या डोक्यावर टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली.

"करंट नाही," तो म्हणाला. आयुष्यभर म्हणत आला तसंच म्हणाला.

साबामला तो निकाल वाटला. भावांनी जोंगीचा उजवा हात पायरीच्या दगडावर दाबून धरला आणि साबामने मोठा पाना खाली आणला. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. जोंगी ओरडला नाही. श्वास आत घेतला तो त्याला बराच वेळ सोडता आला नाही. मधली दोन बोटं उलटी वळली होती.

"बाकीची बोटं मॅग्नेटो उघडल्यावर," साबाम म्हणाला. "बघ, मारुलाक. निवांत बघ."

त्यानंतर खात्री होईपर्यंत मारुलाकने तोंड उघडलं नाही. मॅग्नेटोचं झाकण काढलं. पॉइंट स्वच्छ होते, फटही बरोबर होती. पितळेच्या कडेवर कानशीचे तीन घाव होते. गुंडाळी नव्याने भरली तेव्हा त्यानेच केलेली खूण.

"मॅग्नेटो तुझाच आहे."

"तू त्याचा मामा. तू दुसरं काय सांगणार?"

जोंगीची आई सियाहानांची लेक. मारुलाकशी तिचं रक्ताचं नातं नाही, पण बाताक लोकांत कूळ एक असलं की मामा झालाच.

"खूण माझी आहे, साबाम."

"मग कानसही तुझीच आहे. घाव आत्ता घालशील." साबामने पाना पुन्हा उचलला.

"थांब. इकडे ये." मारुलाकने चोरवायर मॅग्नेटोपासून सोडवली आणि प्लगची जाड वायर साबामपुढे धरली. "हिचं टोक पकड. दुसरा हात इंजिनाला लाव. मॅग्नेटो भंगार असेल तर तुला काही होणार नाही."

साबामने भावांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "धर की दादा. भंगारच आहे ना?"

साबामने धरलं. मारुलाकने सगळं वजन टाकून किक मारली. साबामचा हात खांद्यापासून उडाला. तो मागच्या पत्र्याच्या कुंपणावर पाठीने आदळला आणि जीभ चावली गेल्याने हनुवटीवर रक्त आलं.

"करंट आहे," मारुलाक म्हणाला.

मग त्याने चोरवायर परत जोडली, प्लगची वायर स्वतः धरली आणि किक मारली. काही नाही. हाताने चाचपत तो चोरवायरीमागे बाकाखाली गेला. बाकाच्या पाठीला नवी पितळी पाटी होती: मानुरुंग. काल चर्चहून आल्यावर साबामने ती कोट न काढताच बसवली होती. उजवीकडचा स्क्रू लांब होता. मारुलाकने तो काढून दाखवला. त्याच्या टोकात चोरवायरीच्या तांब्याच्या दोन तारा अडकल्या होत्या; बटण न दाबताही करंट त्या स्क्रूतून गाडीच्या अंगात उतरत होता.

"वायर कुठून नेली होती, विसरलास?"

भावांनी जोंगीचे दंड आपसूक सोडले.

जोंगी उठला. एका स्क्रूवर लोंबणारी पाटी त्याने डाव्या हाताने उपटली आणि तिची कड साबामच्या तोंडावर घातली. ओठ दातांपर्यंत फाटला. दुसऱ्या फटक्याला एक दात पडला. भाऊ पुढे आले तेव्हा मधे मारुलाक उभा होता. साबामचाच पाना त्याच्या हातात होता.

"अजून बोटं मोजायची आहेत का कुणाची?" त्याने विचारलं. ते थांबले. तिसऱ्या फटक्याआधी त्याने जोंगीचं मनगट धरलं. "पुरे, भाच्या. चल, हाड बसवून घेऊ."

"मामा, गाडीचा गॅस उजव्या हाताने पिळावा लागतो," जोंगी म्हणाला.

"माहीत आहे."

दुपारी बाजाराच्या फाटकावर चालकांची बैठक बसली आणि ती लवकर उठली. उद्या मंगळवारी सहा वाजता ती गाडी त्या फाटकाशी उभी असेल, पाटीशिवाय. चालवायला साबाम स्वतः असेल, ओठाला टाके घालून, कारण अड्ड्यावरचा एकही चालक तिला हात लावणार नाही.