स्मरणार्थ नाही, विकतचा

शामला हरकरे फोन उचलला की "हॅलो" म्हणत नसे. "बोला, पेशंट कोण?" असं विचारी. समोरच्याने नवरा, आई, भाऊ असं काही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "साखर आहे? टाके पडलेत? पाणी प्यायला परवानगी दिली का?" डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नाहीत, असं ऐकणाऱ्याला वाटे. पण शामलाला ते विचारल्याशिवाय तांदूळ धुता येत नसत. कोणाच्या पोटात काय जाणार हे कळल्याशिवाय तिचा हात मिठाच्या डब्याकडे वळतच नसे.

रामदासपेठेत मागच्या गल्लीत तिचं तळमजल्याचं घर. पुढच्या रस्त्यावर एकाला लागून एक हॉस्पिटलं. यवतमाळ, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून लोक पेशंट घेऊन येत आणि नातेवाईक सतरंजी टाकून जिन्याखाली झोपत. त्या पेशंटांसाठी शामला डबा करी. मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची नाहीतर दुधीची भाजी, एक पातळ पोळी. बस. नाव घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आजारी माणसाला ते उतरत असे.

याची सुरुवात सासूबाईंपासून झाली. ताराबाई शेवटच्या दुखण्यात पुढच्या रस्त्यावरच्याच हॉस्पिटलात होत्या. शामला दोन वेळ डबा नेई. ताराबाई पहिल्या घासाला म्हणत, "मीठ काय भाव झालं गं?" दुसऱ्या घासाला म्हणत, "हे वरण आहे की हळदीचं पाणी?" आणि मग सगळं संपवून डबा उलटा करून ठेवत. शेजारच्या खाटेवरच्या बाईने एक दिवस विचारलं, "आमच्यासाठी पण करून द्याल का? पैसे देऊ." ताराबाई गेल्या, डबा राहिला.

गेल्या वर्षी पुढच्या रस्त्यावर दोन चकचकीत भोजनालयं उघडली आणि शामलाचे डबे कमी होत गेले. हॉस्पिटलातली इंदूबाई आया जेवढे पाठवील तेवढेच. पुण्यात मुलगा विहंग आणि सून सुरुची यांचं बाळ वर्षाचं झालं होतं. विहंगने सरळ सांगितलं, "आई, दिवाळीपर्यंत चाललं तर चालव. नाहीतर बंद कर आणि इकडे या दोघं. बाळाला पाळणाघरात ठेवायची इच्छा नाही आमची." मधुसूदनरावांनी, म्हणजे शामलाच्या नवऱ्याने, फोनवर "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणून टाकलं. शामलाला कोणी विचारलं नाही. नातू तिलाही हवा होता, पण बाराव्या मजल्यावर दार लावून दिवसभर त्याच्या मागे फिरायचं आणि संध्याकाळी "आई, आज खिचडी टाका" ऐकायचं, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

सुरुची मात्र मनाची मोठी. तिनेच वेबसाइट करून दिली. "आई, आता बाहेरगावचे लोक हॉस्पिटलात पोचायच्या आधीच मोबाइलवर शोधतात. आपलं नाव वर आलं पाहिजे." मग ती मधुसूदनरावांना म्हणाली, "बाबा, फक्त शीर्षक आणि दोन ओळींचं वर्णन तेवढं भरा. शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं."

मधुसूदनराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. नात्यातल्या प्रत्येक लग्नाची, मुंजीची पत्रिका त्यांच्याच हातची. त्यांनी तीन दिवस विचार केला. पासवर्ड त्यांच्याकडे, कॉम्प्युटर त्यांच्याकडे. शामलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का हो?"

"काम चालू आहे वं. घाईचं काम नाही हे."

झालं तेव्हा शीर्षकात लिहिलं होतं, ॥ श्री गजानन प्रसन्न ॥ कै. ताराबाई हरकरे यांच्या पुण्यस्मरणार्थ. आणि वर्णनात, आमचे येथे श्रीकृपेकरून रुग्णांसाठी घरगुती भोजनाची व्यवस्था करण्यात आली आहे, तरी लाभ घ्यावा. आत पानावर ताराबाईंचा हार घातलेला फोटो. डब्याचे प्रकार आणि दर एकदम तळाला, तेही शामलाच्या हस्ताक्षरातल्या कागदाचा फोटो काढून चिकटवलेले.

"डबा कुठे आहे यात?" शामलाने विचारलं.

"भोजन म्हणजे काय मग? आणि सुरुवात देवाच्या नावाने नको? आईचं नाव नको? तिच्यामुळेच तर उभं राहिलं हे."

ज्या बाईने आयुष्यात एका घासाला बरं म्हटलं नाही तिच्या कृपेवर आपलं स्वयंपाकघर चालतं, हे शामलाने पोळीच्या वाफेबरोबर गिळून टाकलं.

मधुसूदनराव तेवढ्यावर थांबले नाहीत. हरकरे परिवाराच्या ग्रुपवर त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने सकाळी स्नान झाल्यावर एकदा वेबसाइट उघडावी, म्हणजे ती वर येईल. अकोल्याच्या आत्याबाई तर उघडून नमस्कारही करत.

आणि साइट खरोखर वर आली. आत्याबाईंच्या नमस्काराने नव्हे. रामदासपेठेत हॉस्पिटलजवळ पुण्यस्मरणार्थ जेवण देणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मोफत जेवण शोधणाऱ्यांना ती पहिल्या दोनतीनात दिसू लागली. फोन सुरू झाले. शामलाने पहिला उचलला.

"बोला, पेशंट कोण?"

"ताई, महाप्रसाद कितीला सुरू होते?"

"महाप्रसाद नाही हो. डबा आहे."

"हो हो, डब्यातच द्या. आम्ही नऊ जण हाओत."

दुसऱ्याने विचारलं, पंगत बसते की हातात देता. तिसऱ्याला सोमवारी उपासाचं मिळेल का हवं होतं. एका बाईने ताराबाईंच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून आधी दोन मिनिटं आशीर्वाद दिले. विकत आहे म्हटल्यावर त्याच बाईचा आवाज बदलला. "मेलेल्या माणसाचा फोटो लावून धंदा करता? लाज नाही वाटत?"

शामलाने फोन कणकेच्या परातीशेजारी आपटला.

तिकडून सुरुचीचा फोन आला. "आई, किती जण बघतायत बघा! चौपट झालं!"

"चौपट झालं हे मला दिसून राहिलं आहे," शामला म्हणाली. "तू सासऱ्यांना सांग काहीतरी."

सुरुचीने सांगितलं. मधुसूदनराव तिला म्हणाले, "लोकांनी खाली वाचावं ना. दर दिले आहेत स्पष्ट." शामला बोलली तर म्हणत, "आईचं नाव काढायचं का? सरळ म्हण ना तसं." एकदा हे वाक्य आलं की घरात पुढे बोलायची सोय नसे. ती पासवर्ड मागे, ते म्हणत, "तू काही बिघडवशील." आणि दिवाळी जवळ येत चालली होती. मोडीत कोणते डबे घालायचे याचाही विचार शामला करू लागली. मग स्वतःवरच चिडून तिने सगळे डबे पुन्हा घासून पालथे घातले.

अशात एका दुपारी दारात एक उंच, वाळकासा माणूस उभा राहिला. धोतर, खांद्यावर पिशवी. "बाई, इंदूबाईनं धाडलं. डबा तुमीच देता का?"

"बसा. पेशंट कोण?"

"घरचीच आहे. पित्ताच्या पिशवीचं आपरेशन झालं. मी रुपराव, राळेगावकडचा."

शामलाने नेहमीचे प्रश्न विचारले. मग विचारलं, "खाऊन काय राहिल्या आहेत त्या?"

"भोजनालयातलं वरण आणतो. लाल तिखट राह्यते. ती दोन घास खाते अन् पोट धरून बसते." रुपरावांची नजर भिंतीवरच्या ताराबाईंच्या फोटोवर गेली. "अरे! हे माय त मोबाइलवर पायली होती म्या. पोरीनं पयल्याच दिवशी काढून देल्लं होतं."

शामलाने विचारलं, "मग फोन काहून नाही केला?"

"धर्माचं दिसलं ना जी. वरतं देवाचं नाव, खाली म्हातारीचं. मी म्हटलं, कोणी मायच्या नावानं वाटून राहिलं. घरात दुखणं असलं की आपण वाटाव, माणसानं. धर्माचं घ्याव कसं? देवाले काय सांगू, की बायको बरी कर अन् जेवाले बी दे?"

पडवीत मधुसूदनराव वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी ते खाली केलं. "पण दर दिले आहेत ना तिथे. खाली."

"खाली कोण जाते जी?" रुपराव साधेपणाने म्हणाले. "दारावरच समजलं ना, का घर आपलं नाही."

शामलाने भात मऊ शिजवला, वरणाला जिऱ्याची नुसती ओळख दिली, डबा भरला. रुपराव गेल्यावर ती पडवीत आली.

"ऐकलं ना? तुमच्या आईच्या नावापायी एक बाई पोट धरून तिखट वरण खात होती. इथून चार घरांवर. सासूबाईंना तिखट दिलं असतं कोणी तर काय केलं असतं तुम्ही?"

मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग उठले आणि कॉम्प्युटर लावला. "पासवर्ड आईच्या जन्माची तिथी आहे," ते म्हणाले. "तूच लिही. मी लिहिलं की पत्रिकाच होते."

शामलाने ओले हात पदराला पुसले. सुरुचीने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, लोक तुम्हाला फोनवर जे विचारतात, तेच त्यांच्या शब्दांत लिहा. आणि दराचा फोटो नको, टाइप करा. फोटोतलं वाचलं जाईलच असं नाही." शामला एका बोटाने टाइप करू लागली. रामदासपेठेत हॉस्पिटलजवळ पेशंटसाठी घरचा डबा, कमी तिखट, कमी मीठ, विकत मिळेल.

"विकत शब्द बरा दिसत नाही," मागून आवाज आला.

"राहू द्या."

"निदान वर एक श्री तरी..."

"श्री देव्हाऱ्यात आहेत. रोज पूजा तुम्हीच करता."

ताराबाईंचा फोटो तिने काढला नाही. 'आमच्याविषयी' म्हणून एक पान होतं, तिथे नेला. त्याखाली काय लिहावं याचा थोडा विचार केला आणि लिहिलं, "सासूबाई आजारी असताना हा डबा सुरू झाला. त्यांनी कधी चांगला म्हटला नाही, पण कधी उरवलाही नाही."

मधुसूदनरावांनी ते वाचलं. त्यांच्या नाकातून एक आवाज आला, हसण्याचा की कशाचा ते शामलाने वळून पाहिलं नाही.

नवं शीर्षक लगेच दिसेना. सुरुची म्हणाली, "थोडे दिवस लागतात आई, शोधून देणारं यंत्र येऊन पुन्हा वाचून जाईल तेव्हा." मधुसूदनराव रोज सकाळी शोधून बघत आणि पडवीतून ओरडत, "अजून नाही आला वाचायला!" जणू मीटरचं रीडिंग घेणारा यायचा होता. महाप्रसादवाले फोन तेव्हाही येतच होते, आणि तेव्हाही शामला चिडतच होती.

मग एका सकाळी पोळ्या चालू असताना फोन वाजला.

"बोला, पेशंट कोण?"

"वडील आहेत. चंद्रपूरहून आणून राहिलो, दुपारी पोचू. कमी मिठाचा डबा मिळेल असं लिहिलंय, आजपासून होईल का? आणि दर दोन वेळचा आहे की एका?"

शामला तव्यावरची पोळी विसरली. "एका वेळचा," ती म्हणाली. "साखर आहे का वडिलांना?"

त्या आठवड्यात तसेच आणखी फोन आले. फार नाही, पण इंदूबाईने न पाठवलेले. रुपरावांनी बायकोला घरी नेताना शेजारच्या खोलीतल्या दोघांना आणून दारात उभं केलं, ते वेगळंच.

दिवाळीच्या आधी विहंगचा फोन आला. "आई, काय ठरलं मग? तिकिटं काढू?"

"काढ ना," शामला म्हणाली. "तुमची काढ. बाळाला घेऊन या इकडे दिवाळीला. मला हलता येत नाही, माणसं दवाखान्यात पडली आहेत."

"अगं पण बाबा तर म्हणाले होते..."

"बाबांना विचार," ती म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. मधुसूदनरावांनी घसा साफ केला. पत्रिकेचा मजकूर सुचत असताना करत तसा.

"आता असं आहे विहंग," ते म्हणाले, "की आमचे येथे..."

"अहो, आटपा लवकर," आतून शामला ओरडली. "दोडके कोण सोलणार आहे?"