विरजणाची वाटी

जुन्या नाशकात गल्ल्या बघत हिंडताना मी एका लाकडी सज्जाचा फोटो काढत होते. तेवढ्यात सज्जातून एक बाई वाकली. "सुमे, वाटी धर," म्हणाली. समोरच्या खिडकीतून एक हात आला आणि विरजणाची वाटी माझ्या डोक्यावरून गल्ली ओलांडून गेली.

"काल फार आंबट दिलंस," सुमी म्हणाली.

"मग मागतेस कशाला?" आणि मला, "ताई, जरा सरका, अंगावर सांडेल."

मी सरकले. सज्जाचं नक्षीकाम राहिलं बाजूला. मला हेवा वाटला तो त्या कुरबुरीचा. इतक्या हक्कानं मला कोण बोलतं? मी दही आणते ते दुकानातलं, डब्यातलं. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

घरी आल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना दिसलं, आमच्या मजल्यावरची समोरासमोरची दारं त्या खिडक्यांहून जवळ आहेत. दुसऱ्या दिवशी दूध कोमट केलं आणि रिकामी वाटी घेऊन समोरच्या दाराशी गेले. बेल होतीच. पण मला हाक मारायची होती, आणि तिथं राहणाऱ्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं.