दादाला मी उलटं टांगायचो

माझी पाठ गेली ती माझ्याच सत्काराच्या दिवशी. कॉलेजातून निवृत्त होताना शाल, श्रीफळ आणि फेटा यांतून सुटका नसते. त्यात संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले होते आणि आमच्याकडं त्यांच्या पाया पडायची रीत होती. विचारानं मी त्या रीतीच्या विरुद्ध, तरी वाकलो. वाकल्यावर वर येता येईना. अध्यक्षांना वाटलं, सरांचं मन भरून आलंय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोवाल्याचं समाधान होईपर्यंत तो काढला नाही. फोटोत मी फार नम्र दिसतो.

पुढं वर्षभर मी पाठीचाच होऊन राहिलो. कोल्हापुरात पाठ दुखते म्हणून सांगण्याची सोय नाही. रिक्षावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाकडं एक उपाय असतो आणि तो न केल्यास प्रत्येकाला राग येतो. शेवटी मुलीनं पुण्याहून ते टेबल पाठवलं. टेबल म्हणायचं एवढंच. खरं तर लोखंडी घोडीवर बसवलेली ती एक फळी होती, लहान मुलांच्या सी-सॉसारखी खालीवर होणारी. उभं राहून घोटे तळाच्या कड्यांत अडकवायचे, पाठ फळीला टेकायची आणि हात हळूहळू डोक्याकडं न्यायचे. फळी आपोआप मागं कलते. डोकं खाली, पाय वर. तळमजल्यावरचे एक निवृत्त अधिकारी ते बघून म्हणाले, हे सगळं आपल्याकडं हजारो वर्षांपूर्वीच होतं. मी म्हटलं, मग तुमचे गुडघे अजून का दुखतात? त्यानंतर ते वर आले नाहीत.

टेबलाचा मला गुण आला, हे कबूल करणं मला जड गेलं. रोज पाच-सात मिनिटं थोडंसं कलून राहिलो की कमरेतला आवळलेला दोर कुणीतरी सैल करतंय असं वाटायचं. मणके एकमेकांपासून जरा लांब होतात म्हणे. एकत्र कुटुंबात वाढल्यामुळं यातलं सुख मला लगेच पटलं.

पटलं म्हणूनच मला दादाची आठवण झाली.

माझा थोरला भाऊ कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे पैंजण करायचा. बुटक्या पाटासमोर मांडी घालून, मान खाली, पाठीची कमान करून तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून बसत आला होता. व्यापारी चांदी आणून द्यायचा, दादा तिच्या बारीक कड्या जोडायचा आणि प्रत्येक कडीचा सांधा ज्योतीवर डाक देऊन, म्हणजे झाळून, पक्का करायचा. वडील गेल्यावर एकानं बसायचं आणि एकानं शिकायचं, असं घरात न बोलता ठरलं. मी शिकलो. मी वर्गात उभा राहून बोलायचो तेवढा वेळ तो खाली बसलेला असायचा. हे मला निवृत्तीनंतर सुचलं, आधी सुचायला हरकत नव्हती.

त्याची पाठ माझ्याआधी किती वर्षं दुखत होती कुणास ठाऊक. विचारलं की 'न्हाय' म्हणायचा. पण त्या उन्हाळ्यात मी गेलो तर तो अंथरुणावर आडवा आणि पाटासमोरची जागा रिकामी. अर्धा तासही मांडी घालता येत नव्हती. वहिनी दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "भावजी, बसाय यीना झालंय त्यास्नी. काम दुसरीकडं जाईल त्याचं न्हाय वाटत. पण ह्यो माणूस बसल्याबिगर कसा ऱ्हाईल?" खरं होतं. त्यांचा मुलगा बंगळूरला नोकरीला होता, पैसे पाठवत होता. पोटाची चिंता नव्हती. दादाला फक्त परत बसायचं होतं.

पहिल्यांदा मी त्याला कोल्हापूरला बोलावलं. पण एसटीनं येता-जाता टेबलानं कमावलेलं सगळं खड्ड्यांत जायचं. मग टेम्पो करून टेबलच हुपरीला नेलं. माझी पाठ तोवर बरीच सुधारली होती. त्यागाची उंची फार नव्हती.

टेबल उतरल्याबरोबर गल्ली जमली. कुणीतरी नारळ आणला, वहिनीनं लोखंडाला हळदकुंकू वाहिलं, शेजारच्या एका पुढाऱ्यानं उद्घाटन करावं असंही निघालं. मला या सोहळ्याची मौज वाटत होती आणि थोडा तिटकाराही. म्हणून मी टेबलाबरोबर आलेली पुस्तिका काढली. म्हटलं, मंत्र झाले असतील तर आता कंपनीची पोथी वाचू. इंग्रजीत पंधरा-सोळा इशारे होते, कुणी हे टेबल वापरू नये याचे. असल्या याद्या कंपन्या वकिलांसाठी छापतात, माणसांसाठी नाही, असं माझं जुनं मत. मी एकेक इशारा मराठीत करून कीर्तनकाराच्या सुरात वाचू लागलो.

"गरोदर आहेस का?"

"अजून तरी न्हाय," दादा म्हणाला. गल्ली हसली.

"हाडं ठिसूळ आहेत?"

"माझी न्हाईत. पुढाऱ्याची बघा."

पुन्हा हसू. मी म्हटलं, "काचबिंदू आहे?"

दादा हसतच होता. म्हणाला, "फुडं वाच की."

मी पुढं वाचलं.

हा एक क्षण मी नंतर इतक्या वेळा काढून पाहिला आहे, की आता त्यात मला हवं ते दिसायला लागलंय. कधी वाटतं, त्याचं हसू तिथं जरा अडकलं होतं. कधी वाटतं, असलं काही नव्हतं. एवढं नक्की की बाकी सगळ्या प्रश्नांना त्यानं उत्तर दिलं होतं आणि या एकाला दिलं नव्हतं. आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या मी. कुठला प्रश्न सोडलाय ते मला पहिल्या नजरेत दिसायचं.

हुपरीत कारागिराचा पाय मोडला तर तो गावभर सांगतो. डोळ्याचं सांगत नाही. डोळा अधू झाल्याची कुणकुण लागली की व्यापारी तोंडानं काही बोलत नाही. आधी नाजूक काम बंद करतो, मग जाड काम देतो, मग सणाला मिठाई तेवढी पाठवतो. म्हणून तिथली माणसं चष्मासुद्धा उशिरा लावतात. मी त्याच गावचा. मला हे माहीत असायला हवं होतं. टेबल यायच्या दोन वर्षं आधी दादा इचलकरंजीला एका डोळे तपासणीच्या शिबिराला एकटाच जाऊन आला होता. तिथं काचबिंदू निघाला. थेंबांची बाटली तो डाक देताना लागणाऱ्या टाकणखाराच्या डब्यात ठेवायचा, कारण त्या डब्याला वहिनी हात लावत नसे. तिनं एकदा थेंब घालताना बघितलं तर म्हणाला, धूर जातोय डोळ्यात. हे सगळं आम्हाला कळलं ते सगळं झाल्यावर.

तर दादा टांगून घेऊ लागला. पहिले पंधरा दिवस मी एक दिवसाआड जायचो. मी घोटे अडकवायचो, फळी धरायचो, वहिनी घड्याळ बघायची. कोल्हापुरी माणसाला थोडक्यात गोडी नसते. मी थोडा कललो होतो. दादा म्हणाला, टांगायचं तर नीट टांग, वटवाघळागत. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, पार उलटा. तोंड लालबुंद व्हायचं. उतरल्यावर तो बराच वेळ डोळे मिटून बसे आणि आम्ही समजायचो, आराम वाटतोय.

आणि आराम वाटतही होता. दुसऱ्या महिन्यात तो तासभर बसला. पावसाळा संपता संपता सकाळचा अख्खा वेळ बसू लागला. वहिनीनं मला फोन करून सांगितलं, तेव्हा तिचा आवाज नवसाला पावलेल्या माणसासारखा होता. मी गेलो की दादा मला पाटासमोर दिसायचा. ज्योत, चिमटा, कड्यांची साखळी. हल्ली तो प्रत्येक जोड अंगठ्याच्या नखानं चाचपून बघायचा. आधी असं करताना मी त्याला पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडलं. एका दिवाळी अंकात मी त्यावर लेख लिहिला. कारागिराच्या नखालाही डोळे फुटतात, असं एक वाक्य त्यात होतं. दुसऱ्यांच्या भाषणातली असली वाक्यं मी जन्मभर हसण्यावारी नेली. हे वाक्य मात्र लोकांनी फोन करून कौतुक करावं असं मला वाटलं, आणि त्यांनी केलंही. दादाला लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "ब्येस लिव्हलंयस." आणि नखानं पुढची कडी चाचपली.

पुढच्या वर्षी, टेबल येऊन चौदा महिने झाले असतील, मी न कळवता गेलो. दारात उभा राहिलो. दादा कामावर वाकलेला होता. सावली पडली म्हणून त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कोण पावणं? आत या की."

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. फार दिवसांनी आलो म्हणून टोमणा मारतोय असं मला वाटलं. मीही सूर लावला, पैंजण बघायला आलोय म्हटलं. माझा आवाज ऐकल्यावर तो हसला, जरा जास्तच हसला, आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं. मी चहा प्यालो, तासभर बसलो, निघालो. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की टोमणा मारताना दादाचा चेहरा असा कधी नसतो. तो चेहरा खरंच कोण आलंय ते शोधत होता. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि परत गेलो.

त्या दिवशीही तो 'न्हाय'च म्हणत होता. वहिनी धुणं वाळत घालत होती तिथून मी तिला ओढून आणलं, तिचा ओला हात त्याच्यासमोर धरला आणि त्याला विचारलं, हात कुणाचा. तिच्या बांगड्या वाजल्या म्हणून त्याला ओळखता आलं.

कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन तास तपासलं. उजव्या डोळ्याची नस सुकून गेली होती, डाव्यात खिडकीएवढा उजेड शिल्लक होता. डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते. शिबिराचं आणि थेंबांचं तिथंच बाहेर आलं. त्यांनी विचारलं, थेंब नियमित घालता? दादा म्हणाला, घालतो की. मग त्यांनी विचारलं, शीर्षासन वगैरे काही करता का? मी टेबलाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, यातलं किती त्यानं झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, हळूहळू असंही झालं असतं. पण काचबिंदूच्या माणसानं उलटं लटकायचं नसतं. त्या टेबलाबरोबरच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असेल.

"लिहिलेलं होतं," मी म्हणालो.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. औषधांच्या दुकानात रांग होती. मी दादाला विचारलं, मी वाचलं तेव्हा तू बोलला का नाहीस?  तो शांतपणे, जसं लहानपणी मला गणित समजावायचा तसं म्हणाला, "बोललो असतो तर टेबल परत न्हेलं असतंस."

"नेलंच असतं."

"मग? पाठीनं बसाय यीत नव्हतं, डोळं तर जाणारच हुतं. तवर चौदा म्हैनं बसलो की रं."

मी उठून औषधांच्या रांगेत उभा राहिलो. इतकी पुस्तकं वाचली, त्यातलं एकही वाक्य पुढं आलं नाही, हे बरंच झालं. घरी गेल्यावर वहिनीनं टेबलावर जुनं लुगडं टाकलं आणि ते भिंतीकडं ढकललं. व्यापाऱ्यानं पाठवून दिलेलं काम पोत्यात बांधून परत नेलं, सणाला मिठाई तेवढी आली.

हिवाळ्यात त्याची पाठ पुन्हा धरली. नुसतं खाटेवर टेकून बसणंही होईना. गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा त्यानं वहिनीला दुकानात पाठवलं आणि तिची पावलं बाहेर पडल्यावर म्हणाला, "टेबल हाय न्हवं अजून? लाव की मला. आता कशाचं भ्या घालतोस?"

मी म्हटलं, डावा डोळा आहे अजून. खिडकी दिसते.

"खिडकी घिऊन काय करू? बसाय तरी यील."

तो काही रागावून बोलत नव्हता. विचारत होता. मी एकदा लुगड्याखालच्या त्या घोडीकडं बघितलं. पाच मिनिटांचं काम होतं. घोटे अडकवायचे, फळी धरायची. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच मागितलं असतं. पण टांगणारा मी होतो, आणि एकदा टांगून झालं होतं. मी नाही म्हणालो.

तो कुशीवर वळला, खिडकीच्या बाजूला नव्हे, भिंतीच्या. वहिनी परत आली, चहा झाला. निघताना मी विचारलं, पाठ फार दुखते का? दादा म्हणाला, "न्हाय."