लहूचा फोटो धुवायला दिलाय

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला चहा प्यायला बसलो की लोक मला बंदुकीबद्दल विचारतात. किती उंचीवर होतात, थंडी किती होती, गोळी चालवली का. कॅमेऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी टाळलंच असतं. आता टाळायचाही कंटाळा आलाय, म्हणून लिहितो.

कॅमेरा मी जालन्यात घेतला, नव्वदच्या सुमारास. तेव्हा मी फौजेत नाईक होतो, वार्षिक सुट्टीवर आलेलो. एका स्टुडिओच्या काचेच्या कपाटात जुना रेंजफाइंडर कॅमेरा पडून होता, मालकाच्या वडिलांच्या वेळचा. चामड्याची केस फाटलेली, वजनाला भक्कम. मालक म्हणाला, "याला सेल लागत न्हाई. बर्फात बी चालंल." माझी पुढची पोस्टिंग उत्तरेला, उंचावर होती. तिथल्या थंडीत सेल टिकत नाहीत हे मला माहीत होतं. घेऊन टाकला.

वापरायचा कसा ते त्यानं दुकानातच दाखवलं. छोट्या खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस दोन दिसतो, एक ठळक, एक फिकट. लेन्सची रिंग फिरवत दोन्ही एकावर एक आणायचे, झाला फोकस. उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा. घरी आल्यावर मी अख्खा रोल सरावात घालवला. निम्मे फोटो पांढरे आले, निम्मे काळे. बायको म्हणाली, "म्हैस तेवढी बराबर आलीय."

पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, साडेसहाला चहा, मग बर्फ उपसायचं. जेवण. पुन्हा बर्फ उपसायचं. महिनाभरात माणूस बोलायचाच कमी होतो. अशा ठिकाणी कॅमेऱ्याला फार भाव आला. "मी ठीक आहे" असं पत्रात कितीही लिहा, घरच्यांना पटत नाही. फोटो पाहिला की पटतं. मी हातमोजे काढून फोटो घ्यायचो. बोट धातूला चिकटायचं. थंडीत फिल्म कडक होऊन तुटते, म्हणून ती पुढे सरकवायचा लिव्हर अगदी हळू ओढायचो. संपलेला रोल खाली जाणाऱ्या माणसाबरोबर द्यायचा आणि दोन महिने वाट बघायची.

रोल मोजके आणि माणसं हौशी. मग मी एक युक्ती काढली. खरं तर ती आमच्याकडच्या लग्नांतली. कोणीही उठून समोर उभं राहतं, तेव्हा फोटोवाला नुसता फ्लॅश मारतो आणि आत काहीच उमटत नाही. सगळे खूश. माझ्या कॅमेऱ्याचा खटका रिकाम्या पोटीही तसाच वाजायचा. रोल नसला तरी मी जवानांना उभं करायचो, फोकस करायचो, खटका दाबायचो. पुढे रोल आला की खरा काढून द्यायचो. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

सिपाही लहू घनसावंगी तालुक्यातला, तेवीस वर्षांचा. घरची मेंढरं होती. अकरा जणांत जालन्याचे आम्ही दोघंच, म्हणून तो मला नाईकसाहेब न म्हणता दादा म्हणायचा. एका सकाळी तो दाढी करून माझ्यापुढे आला.

"दादा, आज ऊन बराबर हाय. एक काढा. आईनं मागितलाय."

"भरतीचा फोटो आहे ना घरी?"

"त्याच्यात म्या कोंबडी चोरताना धरल्यावानी दिसून राह्यलो."

कॅमेरा रिकामा होता. माझ्या पेटीत एक सीलबंद रोल होता, पण पुढच्या आठवड्यात पलटणीच्या सीओ साहेबांची व्हिजिट होती आणि तो मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. साहेबांनी पाठ थोपटावी ही माझी हौस. लहू उभा राहिला. मी मन लावून फोकस केला आणि खटका दाबला.

"आला का, दादा?"

"आला."

त्याच दिवशी त्यानं घरी पत्र लिहिलं.

चौथ्या दिवशी ०७४० ला दोन पोस्टांमध्ये ये-जा करणारं लिंक पेट्रोल खालच्या पोस्टकडे रेशन आणायला निघालं. चार जण, एकाच रोपला बांधलेले. लहू तिसरा. रेडिओवर मी होतो. ०८२५ ला पेट्रोलचा आवाज आला; चार्ली हे त्यांचं रेडिओवरचं नाव.

"चार्ली बोल रहा हूँ. बरफ टूट गयी. लहू नीचे है. ओव्हर."

"रोप?"

"टूट गयी. ओव्हर."

०८५० ला आम्ही पोहोचलो. फावड्यांनी खणलं, जेवणाच्या मेस टिनांनी खणलं, हातांनी खणलं. १०१५ ला तो सापडला. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. सीओ साहेबांची व्हिजिट रद्द झाली. रोल पेटीत तसाच राहिला. त्या रोलची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सुट्टीत लहूचे वडील, सोनाजीकाका, जीप बदलत बदलत माझ्या घरी आले. पत्र खिशात होतं. "फोटो काढलाय म्हनून लिव्हलंय त्यानं," ते म्हणाले. मी म्हणालो, "जालन्याच्या स्टुडिओत धुवायला दिलाय, काका." त्याच्या पुढच्या सुट्टीत ते परत आले. मी म्हणालो, वेळ लागतोय. काका पाणी पिऊन निघून गेले. चढण चढून मी कधी इतका थकलो नाही जितका त्या दोन वाक्यांनी थकलो.

तिसऱ्या सुट्टीत ते आले ते तावातावानं. "म्या जालन्याला गेल्तो. फोटोवाला म्हनतो, तुमचा रोल आलाच न्हाई. हरवला आसंल त्यानं! तुम्ही एक चिठ्ठी द्या, म्या परत जातो."

माझ्या खोट्यापायी एका भल्या माणसावर आळ आला होता. मी म्हणालो, "काका, चला तुमच्या घरी. काकूंसमोरच सांगतो."

जीपनं आम्ही घनसावंगीकडे त्यांच्या गावी गेलो. काकू अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की लहूला खिडकीतून बघून मी खटका दाबला, पण कॅमेऱ्यात रोल नव्हता, एक पेटीत होता, तो साहेबांसाठी ठेवला होता.

काकांनी माझ्याकडे पाहून विचारलं,

"लहूला ठावं व्हतं?"

"नाही. आला का म्हणून त्यानं विचारलं. मी आला म्हणालो."

"मंग त्याच्यापुरता आला," काका म्हणाले.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "पर तुम्ही तर बघितलं ना त्याला, त्या खिडकीतून?"

"बघितलं, काकू."

"मंग कसा उभा व्हता, ते दावा."

मी अंगणाच्या मधोमध गेलो. डावा पाय जेरीकॅनवर होता त्याचा, म्हणून मी दगडावर ठेवला. हातमोजे डाव्या हातात, उजवा हात कमरेवर. टोपी जरा मागं सारलेली, ती मी हातानं दाखवली. हनुवटी वर.

"हसत व्हता का?" काकूंनी विचारलं.

हसत होता. म्हणून मीही हसलो, आणि दोघांचं पाहून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.